ट्रेड्सवर बिल डिस्काउंटिंग: वर्षभर वापरून झाल्यावर भोसरीच्या एका मशीनशॉपवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, हे ट्रेड्स म्हणजे शेअरचं ट्रेडिंग नाही. परवा मेव्हण्याला सांगितलं की मी ट्रेड्सवर आहे तर तो म्हणे कुठला स्टॉक घेतलास. ट्रेड रिसिव्हेबल्स डिस्काउंटिंग सिस्टिम असं लांबलचक नाव आहे, म्हणजे पार्टीकडून यायचं बिल थोडं व्याज कापून बँकेला विकायचं आणि पैसे आधीच घ्यायचे, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारे प्लॅटफॉर्म आहेत, आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही जुनी तीन नावं, २०१७ पासून चालू आहेत आणि आता त्यात अजून भर पडलीये. मी यातलं कुठलं वापरतो ते सांगत नाही कारण खाली थोड्या शिव्या पण घातल्यात, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या गाळ्यांमधले लोक दुसरे प्लॅटफॉर्म वापरतात त्यांच्याशी बोललो तर गोष्ट साधारण तीच निघते. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कुठे कापला आणि एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत. चार सीएनसी टर्निंग, दोन व्हीएमसी, पंधरा-सोळा पोरं, कास्टिंग आणि फोर्जिंग बाहेरून येतं, मशीनिंग आम्ही करतो, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर देतो आणि माल जातो चाकणला. मोठी पार्टी एकच, धंद्याचा निम्म्याहून जास्त माल तिकडेच. नाव घेत नाही. तिचं क्रेडिट बोलायला ९० दिवस आणि प्रत्यक्षात बिल पास होऊन पेमेंट रनला लागेपर्यंत शंभर-एकशेदहा कधी झाले कळायचं नाही. पोरांचे पगार ७ तारखेला, जीएसटी २० ला, बँकेचं व्याज महिनाअखेर, लाईटबिल थांबत नाही, आणि आपलं पेमेंट मात्र 'नेक्स्ट रनमध्ये बघतो सर'. अकाउंट्सला फोन केला की सांगणार स्टोअर्सला विचारा, स्टोअर्स म्हणणार क्वालिटीकडे पेंडिंग आहे, क्वालिटीवाला म्हणणार माझ्याकडून कधीच सोडलंय. आमच्या अकाउंट बघणाऱ्या ताई दर सोमवारी सकाळी साडेदहाला चहा घेऊन फोन घेऊन बसायच्या, तो त्यांचा नेमच होता.

मग आम्ही यावर आलो कसे, तर पार्टीच्या मनात दया आली म्हणून नाही. सरकारने २०१८ साली ५०० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर रजिस्टर करणं सक्तीचं केलं होतं, आमची पार्टी त्या रेषेच्या खाली, त्यामुळे तेव्हा विषयच निघाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती रेषा २५० कोटींवर आणली आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत मुदत दिली, तेव्हा त्यांच्या परचेसमधून सगळ्या व्हेंडरना मेल आला की अमुक प्लॅटफॉर्मवर या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, जी मला दोन महिने समजली नव्हती. सक्ती आहे ती रजिस्टर करण्याची. रजिस्टर झालेल्या कंपनीने प्रत्येक बिल तिथे टाकून ॲक्सेप्ट करायलाच पाहिजे असं त्यात कुठे नाहीये. लॉगिन काढलं, नियम पाळला, पुढे त्यांची मर्जी.

रजिस्ट्रेशन म्हणाल तर कागद नेहमीचेच, उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी), पॅन, जीएसटी, पार्टनरशिप डीड, कॅन्सल चेक, दोन्ही पार्टनरचे केवायसी, आणि एक जाडजूड मास्टर ॲग्रीमेंट जे मी पूर्ण वाचलं असं म्हणालो तर खोटं होईल. हे सगळं चार दिवसात झालं. अडलं ते आमच्याच बँकेत. आमची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची लिमिट आहे आणि सीसी देताना बँक स्टॉक आणि येणी दोन्हीवर बोजा चढवते, म्हणजे पार्टीकडून येणारं बिल कागदोपत्री आधीच आमच्या बँकेकडे गहाण, आणि आता तेच बिल मी दुसऱ्या बँकेला विकणार, तर आमच्या बँकेची एनओसी पाहिजे. मॅनेजरसाहेब म्हणाले हेड ऑफिसला विचारतो. हेड ऑफिसने विचारलं ट्रेड्स म्हणजे काय. पाच आठवडे गेले, शेवटी पैसे सीसी अकाउंटलाच येतील असं लिहून दिल्यावर पत्र मिळालं. तुम्ही या भानगडीत पडणार असाल तर पहिल्या दिवशी बँकेत जा, बाकीचे कागद नंतर गोळा करा.

आता चांगलं काय ते सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. बिल पोर्टलवर चढतं, पार्टी ते ॲक्सेप्ट करते, मग त्याचं फॅक्टरिंग युनिट, म्हणजे विक्रीला लागलेलं बिल, बनतं आणि बँका त्यावर बोली लावतात. हो, बँका आपल्या बिलावर बोली लावतात! पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी आणि ताई दोघंही मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघावा तसे बघत बसलो होतो. एकाने वर्षाचा व्याजदर ८.९ टक्के लावला, दुपारी दुसऱ्याने ८.४ लावला, आपण ॲक्सेप्ट केलं की दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात पैसे. पहिल्या वेळेस मला वाटलं होतं काहीतरी कटकट निघणार, पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेसेज आला. मी तेव्हा मशीनवर होतो, हात कुलंटने भरलेले, मेसेज बाहीने पुसून पुसून वाचला.

हिशोब मांडतो म्हणजे कळेल. बिल ६ लाखाचं, १८ टक्के जीएसटी धरून ७,०८,०००. पार्टीने ॲक्सेप्ट करेपर्यंत १५ दिवस गेले, राहिले ७५. त्यावर ८.४ टक्क्याने व्याज येतं १२,२२० रुपये. आमची सीसी दहा-साडेदहाने आहे आणि तिला फ्लॅट लावलाय, इथे काहीच गहाण नाही. याच पार्टीची जुनी स्कीम होती, लवकर पैसे पाहिजेत तर २ टक्के सोडा, म्हणजे १४,१६० गेले आणि तरी ते 'लवकर' म्हणजे महिनाभराने. आणि भोसरीत प्रत्येक गल्लीत असतो तसा तो महिन्याला २ टक्केवाला, त्याच्याकडे अडीच महिन्याचे ३५,४०० झाले असते, वर त्याच्या पोराच्या बारशाला जावं लागलं असतं ते वेगळं. मी गेलोय.

आणि दर आपल्या नावावर ठरतच नाही, पार्टीच्या रेटिंगवर ठरतो, कारण ड्यू डेटला पैसे बँक पार्टीच्या खात्यातून नॅचने, म्हणजे ऑटो-डेबिटने, ओढून घेते. पार्टीने बुडवलं तरी बँक माझ्या मागे येऊ शकत नाही, विदाऊट रिकोर्स म्हणतात ते हेच. जुन्या बिल डिस्काउंटिंगमध्ये पार्टी बुडाली की बँक आपल्या दारात. हा फरक लहान नाही. माझ्या वडिलांनी एका पार्टीच्या बाउन्स झालेल्या हुंडीपायी गावची एक एकर विकलीये, त्यामुळे हे वाक्य ॲग्रीमेंटमध्ये मात्र मी तीनदा वाचलं होतं.

एवढं असून पाचपैकी पाच का नाही?

कारण सगळी गाडी एका बटनावर अडते आणि ते बटन पार्टीच्या हातात आहे. ॲक्सेप्ट. ते दाबलं की पुढे सगळं सुसाट, दाबलं नाही की प्लॅटफॉर्म कितीही चकचकीत असू दे, तुमचं बिल नुसतं पिवळ्या रंगात 'पेंडिंग विथ बायर' म्हणून पडून राहणार. मी वर १५ दिवस धरले ना, ते चांगल्या महिन्याचे. आधी पार्टी पेमेंट लेट करायची, आता ॲक्सेप्ट लेट करते. उशीर तिथेच आहे, त्याने फक्त जागा बदलली, फोनवरून स्क्रीनवर आला.

गेल्या सप्टेंबरची गंमत ऐका. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवीन दर लागू झाले, ऑटो पार्ट्स २८ वरून १८ वर आले. सगळीकडे पेढे. आम्ही मंगळवारी २३ ला पहिलं बिल १८ ने काढलं, माल गेला, गेट एंट्री झाली, क्वालिटी पास, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाला, सगळं हिरवं हिरवं. आणि बिल अडकलं. का? तर त्यांच्या सिस्टीममध्ये आमची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, २८ च्या टॅक्स कोडने बनलेली, बिल १८ चं, तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय सिस्टीम पुढे सोडत नाही, पीओ, जीआरएन, बिल. पीओ अमेंड करायचा अधिकार परचेसला, टॅक्स कोड बदलायचा अधिकार आयटीला, आणि त्या आठवड्यात सगळ्या व्हेंडरच्या सगळ्या पीओ बदलायच्या म्हणून शेकडोंची रांग. आमचा नंबर लागेपर्यंत दसरा आला. दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरला, गुरुवारी, म्हणजे दसरा, गांधी जयंती आणि आमच्या एमआयडीसीचा वीकली ऑफ तिन्ही एकाच दिवशी, पोरं म्हणाली शेठ दोन सुट्ट्या खाल्ल्या सरकारने. खंडेनवमीला मशीनची पूजा केली, झेंडू वाहिला, आणि मी पोर्टल उघडून बघतोय तर पिवळंच. अठरा दिवसांनी ॲक्सेप्ट झालं. त्यानंतर मात्र एका दिवसात पैसे आले आणि दिवाळीचा बोनस वेळेवर वाटला, हे पण कबूल करतो. पण ते अठरा दिवस पूर्वी ताईंनी तीन फोन आणि एक डोळ्यात पाणी यायची धमकी देऊन पाचात आणले असते. पूर्वी अडवणारा माणूस होता, त्याला बोलता यायचं, त्याची पण मुलगी दहावीला असायची, तो ऐकायचा. टॅक्स कोडला काय सांगणार?

याला जोडून बाकीच्या डिजिटलचं पण सांगतो, कारण हे सुटं सुटं नाहीये, एकात एक अडकलंय. माल पाठवायच्या आधी पार्टीच्या व्हेंडर पोर्टलवर एएसएन टाकायचा, म्हणजे माल येतोय याची आगाऊ सूचना, त्याचा बारकोड छापायचा, बारकोड नसेल तर गेटवर टेम्पो आत घेत नाहीत. ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल आधी सरकारी पोर्टलवर जाणार, आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी नंबर, आणि क्यूआर घेऊन येणार, मग ते खरं बिल. ५० हजारांच्या वर माल राज्याबाहेर चालला तर ई-वे बिल. हे सगळं सुरुवातीला डोक्याला ताप वाटलं होतं, आणि आता वाटतं की याच्याशिवाय हे बोलीबिली काही शक्यच नव्हतं, कारण समोरच्या बँकेला मुंबईत बसून कसं कळणार की भोसरीचा हा माणूस खरंच माल पाठवतोय का कागद रंगवतोय. एकच बिल दोन ठिकाणी दाखवून पैसे उचलायचे उद्योग पूर्वी चालायचे, सगळ्यांना माहीत आहे. आता प्रत्येक बिलाला वेगळा आयआरएन, ते करणं अवघड झालंय.

फक्त एक लक्षात ठेवा, आयआरएन कॅन्सल करायला २४ तास मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोट. बुधवारी रात्री चुकीचं बिल काढलं आणि गुरुवारी सुट्टी म्हणून शुक्रवारी बघितलं, की गेलं. आमच्याकडे दोनदा झालंय. आता बुधवारी संध्याकाळी पाचनंतर बिलिंग बंद, ताईंचा नियम, मलाही सवलत नाही.

आता ४५ दिवसांचं. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यात स्पष्ट आहे की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. कागदावर कडक आहे. पण सरकारच्या तक्रार पोर्टलवर जाऊन आपल्याच पार्टीवर केस कोण टाकणार? केस जिंकाल, कामाची ऑर्डर जाईल. मग आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं, १ एप्रिल २०२४ च्या असेसमेंट वर्षापासून, की मायक्रो आणि स्मॉल युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ज्या वर्षी देशील त्याच वर्षी खर्च धरणार. हे मात्र लागलं, कारण हे आमच्या तक्रारीवर अवलंबून नाही, त्यांचा स्वतःचा सीए त्यांना घाबरवतो. त्या मार्चमध्ये वर्षानुवर्षं न दिसलेली पेमेंट आली. आमच्या लाईनमध्ये एकाला त्याच्या पार्टीने सरळ सांगितलं होतं की उद्यम रद्द कर नाहीतर ऑर्डर विसर, हे पण झालं. ट्रेड्समुळे पार्टीची या कचाट्यातून सोय होते, आम्हाला पैसे लवकर मिळाले आणि त्यांना ९० दिवसांनी द्यायचे. म्हणजे सोय दोघांची झाली, पण व्याज कोण भरतंय? प्लॅटफॉर्मवर ते ठरवता येतं, खरेदीदाराने, विक्रेत्याने, किंवा वाटून. आमच्यात मेलमध्ये एका ओळीत ठरलं होतं की व्हेंडर. ते १२,२२० माझ्या मार्जिनमधूनच जातात. रजिस्टर करताना ही ओळ वाचा आणि निदान वाटून घ्या म्हणून भांडून बघा, मी भांडलो नाही, घाई झाली होती. एक स्टार इथे कापलाय, आणि खरं तर तो प्लॅटफॉर्मचा नाही माझाच कापायला पाहिजे.

सर्व्हिसबद्दल. हेल्पडेस्कवर माणूस उचलतो, नम्र आहे, पण मराठी नाही, आणि 'बायरशी बोला सर' याच्या पुढे त्याच्या हातात काही नाही. ओटीपी एकाच मोबाईलवर येतो, तो नंबर आमच्या दुसऱ्या पार्टनरचा, आणि तो गणपतीत पाच दिवस कोकणात जातो जिथे त्याच्या आजोळच्या घरात रेंज फक्त विहिरीजवळ येते. ८.२ ची बोली आली होती, ओटीपी येईपर्यंत मुदत संपली, दुसऱ्या दिवशी ८.६. ऑटो-ॲक्सेप्टचं सेटिंग असतं हे आम्हाला त्यानंतर कळलं, अमुक दराच्या खाली आलं की आपोआप घे. ते आधी लावा. अजून एक, एकेका पार्टीसाठी बँका लिमिट ठरवतात, ते भरलं की बोली येत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमचं एक बिल ॲक्सेप्ट होऊन चार दिवस नुसतं पडून होतं, कुणीच विचारलं नाही, लग्न ठरत नसलेल्या पोरासारखं. रोज उठून बघायचो. अर्धा स्टार त्याचा.

तरी घ्या म्हणेन का? हो, घ्या. मोठी पार्टी ॲक्सेप्ट वेळेवर करत असेल तर डोळे झाकून. करत नसेल तर आधी तिच्याशी बसून ठरवा की जीआरएन झाल्यापासून किती दिवसात दाबणार, आणि ते मेलवर घ्या. तोंडी नको.

एक राहिलंच. आमचे प्लेटिंगवाले काका, कुदळवाडीच्या बाजूला त्यांचं छोटं युनिट, साठीच्या पुढचे, वीस वर्षं आमचं झिंक प्लेटिंग करतात. बिल अजून कार्बन कॉपीच्या पुस्तकात, आता आता त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला शिकलेत, फोटोत अंगठा असतोच. मागच्या आठवड्यात आले, ऑफिसमध्ये ताईंनी तो बोलीचा स्क्रीन उघडला होता, तो बघत उभे राहिले. सगळं विचारून घेतलं, बोली कोण लावतं, पैसे कधी येतात. मग म्हणाले, "शेठ, आपल्या बिलाला चालतं का हे? तुमच्यावर आहेत ना माझे."

मी म्हणालो काका, त्यासाठी मला पार्टी म्हणून रजिस्टर व्हावं लागेल. होता येतं, कुणी अडवत नाही. पण माझ्या नावावर बोली कोण लावणार, माझं रेटिंग काय, एवढ्याशा शॉपसाठी कुठली बँक लिमिट काढून ठेवणार. चाकणच्या नावावर मला ८.४ ने मिळतात, माझ्या नावावर काकांना शून्य. त्यांना हे समजावताना मी चाकणच्या अकाउंट्सवाल्यासारखाच बोलतोय हे मलाच ऐकू येत होतं, 'सिस्टीममध्ये बसत नाही काका'.

काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं, मग ऑगस्टचं बिल कधी?"

किती दिवस झाले म्हणून ताईंकडे बघितलं. ताईंनी स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं, त्र्याऐंशी. आदल्याच दिवशी आमच्या दोन बिलांचे पैसे एका दिवसात आले होते. मी तिथेच उभ्या उभ्या यूपीआयने चाळीस हजार टाकले, काकांचा मोबाईल खिशात वाजला, त्यांनी काढून चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अजून बावीस राहिले शेठ, शनिवारी येतो."